तिसऱ्या कमानीचा राखणदार

मुंबईत पाहुणा आला की त्याला काय दाखवायचं, हे शहरातल्या माणसाला कधी विचारावं लागत नाही. गेटवे आहे, म्हातारीचा बूट आहे, राणीचा बाग आहे. पाहुणा खूश, यजमान मोकळा. अडचण आमची, उपनगरातल्यांची. घाटकोपरला उतरलेल्या पाहुण्याला दाखवायचं काय, रॉकेलची रांग? ही अडचण चंद्रप्रकाश शेठनं बरोबर हेरली आणि चौऱ्याऐंशी साली तिच्यावर एक बस सोडली. दर रविवारी सकाळी सातला, घाटकोपर स्टेशनबाहेरून, ‘उपनगर दर्शन’. आधी कान्हेरीची लेणी, मग सातकमानी पूल, आणि दिवस कलताना जुहू.

लेण्यांना आणि जुहूला कुणाच्या शिफारशीची गरज नव्हती. पूल शेठनं घातला तो केवळ वाटेत पडतो म्हणून. मालाडच्या पलीकडे, मढकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, खाडीच्या एका फाट्यावर सात दगडी कमानी. साहेबाच्या काळातला, म्हणजे ऐतिहासिक. शेजारी नवा पूल झाल्यापासून त्याच्यावरून गाड्या जात नव्हत्या. कोळणी तिथे जवळा वाळत घालायच्या. एका टोकाला संगमरवरी पाटी होती, तिच्यावर इंग्रजीत कुणा साहेबाचं नाव, नावापुढे पदव्यांची आगगाडी आणि १९२६ हे साल. बाकी बघायला काही नव्हतं.

हे काही नसलेलं दाखवायचं काम सहदेव घाडीकडे होतं. सहदेव मूळचा कणकवलीकडचा. बावीस वर्षं त्यानं गिरणीत साचेखात्यात, कापड विणणाऱ्या मागांवर काढली होती. मग संप झाला, गिरणी गेली, आणि पन्नाशीला टेकलेला सहदेव चाळीच्या पायरीवर येऊन बसला. शेकडो साच्यांच्या खडखडाटातून शेजारच्याला ऐकू जावा असा आवाज त्यानं कमावला होता. गिरणीतून घरी आणता आली ती तेवढीच वस्तू. शेठनं तो आवाज एकदा नळावरच्या भांडणात ऐकला आणि त्याला गाईड केला.

गिरणीची त्याला आठवण यायची ती पगाराच्या तारखेला नव्हे, कुणी वारलं की. खात्यातला माणूस गेला की पाळी सुटल्याबरोबर सगळं खातं अंगावरच्या कपड्यांनिशी मयताला हजर. तिथे घरची मंडळी विचारायची, ‘तुम्ही कोण लागता?’ हे सांगायचे, ‘खात्यातला.’ मग गाव नाही, आडनाव नाही, जात नाही, कुणी पुढे काही विचारायचं नाही; खांदा द्यायला जागा करून द्यायचे. संपानंतर खातं पांगलं. कुणी वॉचमन झाला, कुणी गावी जाऊन कलमांना पाणी घालू लागला. आता कोण गेलं, कोण राहिलं, हेही कळेनासं झालं होतं. सहदेवाला हे फार लागायचं, पण बोलायचं कुणाशी?

तर पूल. पहिले सहा महिने त्याची वाट लागली. पब्लिक खाली उतरायचं, इकडे बघायचं, तिकडे बघायचं, ‘एवढंच?’ म्हणायचं आणि पाच मिनिटांत बसमध्ये जाऊन बसायचं. सहदेव घसा फोडून साल सांगायचा, कमानी मोजून दाखवायचा. लोकांना स्वतःला सातपर्यंत मोजता येत होतं. शेवटी शेठनं त्याला बाजूला घेतलं.

“घाडी, पुलावर पब्लिक थांबत नाही. चहावाला माझ्या नावानं बोंबलतो. दुसरा कोणी चांगला बोलणारा बघू का मी?”

त्या रविवारी सहदेव पुलावर उतरला तो घाबराघुबरा होऊनच. तिसऱ्या कमानीवर, कठड्याच्या आतल्या बाजूला एक दगड होता. इतर दगडांपेक्षा वेगळा, मधोमध थोडा खोलगट, त्यावर उभे आडवे चरे. त्या दगडावर त्याची नजर गेली आणि तोंडातून आपोआप निघालं, “मंडळी, हा पूल उभा राहत नव्हता.”

लोक थांबले.

मग काय, गाडी सुटली. तिसरी कमान दोनदा कोसळली. कंत्राटदाराच्या स्वप्नात खाडी आली, म्हणाली माणूस दे. एक मजूर तयार झाला. त्याच्या बायकोनं त्याला न्हाऊमाखू घातलं, पंचारतीनं ओवाळलं आणि स्वतःच्या हातानं कमानीपर्यंत पोचवला. त्याला जिवंत चिणला, तेव्हा कुठे कमान उभी राहिली. तो इथला राखणदार. ओवाळण्याच्या ठिकाणी बायकांनी डोळ्यांना पदर लावला. कुणीतरी पिशवीतली चाफ्याची दोन फुलं काढून त्या दगडावर ठेवली.

पुढच्या रविवारी सहदेव पुडीत शेंदूर आणि बाटलीत तेल घेऊन आला. आता हे कुणी मुद्दाम केलेलं पाप म्हणाल, तर तसं नव्हतं. कोकणात प्रत्येक वाटेला, प्रत्येक पाणवठ्याला राखणदार असतो. त्याला पान-विडा दिल्याशिवाय माणूस पुढे सरकत नाही. आणि घाडी म्हणजे तर गावच्या देवाला गाऱ्हाणं घालणारं घराणं. सहदेवाचा बाप घालायचा, आजा घालायचा. जागा दिसली की शेंदूर लावणं हे त्याच्या हाडातच होतं. दगड लाल झाला, नारळ फुटू लागले, आणि सहदेव छाती भरून गाऱ्हाणं घालू लागला, “बा देवा म्हाराजा, ह्या खाडीच्या राखणदारा, आज जी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, त्येंका सुखरूप आपापल्या घराक पोचव रे म्हाराजा.” आणि चाळीस माणसं एका आवाजात म्हणायची, “होय म्हाराजा.”

पूल चालला. चहावाल्यानं दुसरा स्टोव्ह घेतला. शेठ सहदेवाला घाडीबुवा म्हणू लागला. आणि गंमत अशी की, दीड वर्ष दर रविवारी हात जोडता जोडता सहदेवाची स्वतःचीच त्या दगडावर श्रद्धा बसली. थोरल्या मुलीचं, सुलक्षणेचं लग्न अडलं होतं, पहिल्याच वर्षी तो दगडाला नवस बोलला आणि महिन्याभरात जमलं. आता ती सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आणि बस पुलावर पोचायच्या आधीच सहदेव मनातल्या मनात तिच्यासाठी एक वेगळं गाऱ्हाणं घालायचा. आपणच बसवलेल्या देवाला आपणच भ्यायचं, हे काम माणसालाच जमतं.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत एका रविवारी बसमध्ये एक म्हातारी चढली. सत्तरीच्या आसपासची, काळी, काटक, पांढरं स्वच्छ लुगडं, पायात रबरी चपला. सोबत कॉलेजातली नात. नातीचं नाव मीरा; म्हातारीचं राधाबाई, हे सहदेवानं यादीत वाचलं. पत्ता घाटकोपरचाच, डोंगराखालच्या वस्तीचा. त्या वस्तीतली बौद्ध मंडळी कान्हेरीसाठी नेहमी यायची, लेण्यांत बुद्धापुढे मेणबत्ती लावायची. सहदेवाला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते कान्हेरीला. सगळे वर गेले, मीराही गेली, आणि राधाबाई खाली बसजवळच बसून राहिल्या.

“काय आजी, वर नाही जायचं? एवढ्या लांब आलात,” सहदेवानं विचारलं.

“चार वेळा बघितलीत लेणी,” त्या म्हणाल्या. “पाय दुखतात बाबा. पाय पुलासाठी ठेवलेत.”

पुलासाठी पाय राखून ठेवणारं गिऱ्हाईक सहदेवानं पहिल्यांदाच पाहिलं. त्याला बरं वाटलं. आज गोष्ट रंगवून सांगायची, असं त्यानं ठरवलं.

आणि रंगवून सांगितली. ओहोटीची वेळ, खाली चिखल चमकत होता. सगळे कठड्याशी गोळा झाले. कमान दोनदा कोसळली, खाडी स्वप्नात आली, मजूर तयार झाला. “आणि त्या माउलीनं,” सहदेवानं आवाज खाली आणला, “त्याला ओवाळलं. डोळ्यांतून टिपूस नाही. म्हणाली, जा, माझं कुंकू पुलाला दिलं.”

“नाही,” राधाबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण दोन-चार जणांनी वळून पाहिलं. सहदेव अडखळला, मग पुढे रेटून शेवटापर्यंत गेला. गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, बायका हळदकुंकवाच्या पुड्या सोडू लागल्या. त्यांच्या मधून राधाबाई पुढे आल्या. त्यांनी हात जोडले नाहीत. उजवा तळवा त्या शेंदरी दगडावर ठेवला, डोळे मिटले, आणि बोटं फिरवू लागल्या. शेंदराचा थर चांगला बोटभर होता. त्या नखांनी तो खरवडू लागल्या.

बायका मागे सरल्या. सहदेवानं पुढे होऊन म्हातारीचं मनगट धरलं.

“आजी, हे काय? देवाला हात नाही लावायचा.”

“सोडा आधी हात,” मीरा मध्ये आली. “आमची आजी आहे ती.”

“मीरे, थांब गं,” राधाबाई म्हणाल्या. त्यांची बोटं लाल झाली होती. “बाबा, हा देव नाही. हा माझा बाप आहे.”

सहदेवानं हात सोडला.

म्हातारीनं मग जे सांगितलं ते तिनं उभ्यानंच सांगितलं, कठड्याला टेकून, कुठेही आवाज न चढवता. तिचा बाप अंबादास. नगरकडून दुष्काळात बायको आणि मुलगी घेऊन आलेला. ह्या पुलावर तो दगड चढवायचा आणि आई खडी फोडायची. तिसऱ्या कमानीच्या वेळी दोर सुटला, दगड परांचीवर आला, आणि परांचीसकट बाप खाली गेला. तेव्हाही ओहोटीच होती. आई दुपारी भाकरी घेऊन आली, तेव्हा त्याच्यावर गोणपाट टाकलेलं होतं.

“अर्धा दिवस काम बंद ठेवलं मुकादमानं,” राधाबाई म्हणाल्या. “अर्धा. दुसऱ्या दिवशी आई परत खडीवर. मी शेजारी बसलेली, आठ वर्षांची. बापाबरोबर एक पाथरवट काम करायचा. त्याला दोन अक्षरं येत होती. जेवायच्या सुट्टीत, मुकादमाची नजर चुकवून, त्यानं ह्या दगडावर बापाचं नाव कोरलं. एका दुपारी एक अक्षर. चार दुपारी लागल्या. वर एक हातोडा काढला. आईनं माझं बोट धरून त्याच्यावरनं फिरवलं. म्हणाली, वाचता नाही आलं तरी हाताला कळेल.”

राधाबाईंनी मग बसकडे बोट केलं.

“आमच्या वस्तीतली एक बाई तुमच्या बसनं आली होती. घरी येऊन सांगते, पुलात माणूस चिणलाय, त्याच्या बायकोनंच ओवाळून पाठवला. सगळी आळी हळहळली. मी तिथंच बसले होते.” म्हातारी कठड्यापासून सरळ झाली. “माझ्या आईनं त्याला ओवाळून पाठवलं नाही, बाबा. तिला निरोपसुद्धा मिळाला नाही. ती भाकरी घेऊन आली होती.”

दीड वर्षात ह्या ओवाळण्यावर सहदेवानं किती बायकांना रडवलं होतं. प्रत्येक वेळी आरतीच्या ताटात काहीतरी वाढवत गेला होता. परवापरवाच त्यात निरांजनं घातली होती.

“मला नाव बघायचंय,” राधाबाई म्हणाल्या. “हिला दाखवायचंय. माझ्यामागं कोणाला माहीत राहणार?”

आता बसमध्ये माणसं म्हटली की तऱ्हा आल्याच. अनंत नावाचे एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, पूजलेल्या दगडाला असं खरवडणं बरं नव्हे, नाव तर काय कुठेही लिहिता येईल. त्यांचा मेव्हणा म्हणाला, आधी म्हातारीचं खरं कशावरून? आणि मागून मालनकाकू पुढे आल्या. त्या मालवणच्या, सहदेवाच्या चाळीतल्याच, चौथ्यांदा आलेल्या.

“कौल लाव रे सहदेवा,” त्या म्हणाल्या. “वाद कित्याक? देवाक इचार. उजवो दिल्यान तर काढ, डावो दिल्यान तर हात लावू नको.”

सगळ्यांना हे पटलं. दगडावर दोन पाकळ्या चिकटवायच्या आणि आधी कुठली पडते ते बघायचं. देव बोलेल, माणसांनी भांडायचं कारण नाही. सहदेवासाठी तर ही सुटकाच होती. घाडी घराण्यात जन्मलेल्याला पाकळी ओली किती लावली म्हणजे ती कधी पडते, हे शिकवावं लागत नाही. उजवा कौल आणला की म्हातारी खूश, लोक खूश, आणि सहदेवाचं नाव कुठे खराब नाही. राखणदार स्वतःच म्हणाला, माझा शेंदूर काढा. शेठला सांगायलासुद्धा झकास गोष्ट.

कुणीतरी फूल त्याच्या हातात दिलं. त्यानं दोन पाकळ्या तोडल्या, बोटांत धरल्या. सुलक्षणा डोळ्यांपुढे आली, भरल्या पोटानं जिना चढणारी. मग त्यानं म्हातारीकडे पाहिलं. ती पाकळ्यांकडे बघतच नव्हती. आपल्या लाल बोटांकडे बघत होती.

सहदेवानं पाकळ्या खाडीत टाकल्या.

“कौल नको,” तो म्हणाला. त्याचा तो प्रसिद्ध आवाज त्याला मेला सापडेना. “कोणाला विचारायचं? इथे देव नव्हताच. शेंदूर मी लावला. गोष्टपण मीच बनवली. पब्लिक थांबत नव्हतं म्हणून. कमान पडली नाही, स्वप्न पडलं नाही, काय नाही.”

“म्हणजे आम्ही नारळ...” अनंतराव म्हणाले.

“होय. फुकट गेला,” सहदेव म्हणाला. “माझ्या नवसाचापण त्यातच गेला.”

मालनकाकूंनी तोंडावर पदर घेतला. सहदेव खाली वाकला, नुकत्याच फुटलेल्या नारळाची करवंटी उचलली आणि तिच्या धारेनं शेंदूर खरवडायला बसला. पहिला पापुद्रा निघाला. खोटं कशाला बोला, तो भ्याला होता. आपण चुकलो हे कळणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं. तोंडानं तो काहीतरी पुटपुटत होता. देवाची क्षमा मागत होता की म्हातारीच्या बापाची, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

गुणाजी ड्रायव्हर एवढा वेळ बोनेटला टेकून बिडी ओढत होता. त्यानं बिडी विझवली, डिझेलमध्ये भिजवलेला बोळा आणून सहदेवाच्या हातात दिला आणि दुसरी करवंटी घेऊन शेजारी बसला. तेलातला दीड वर्षांचा शेंदूर, लवकर थोडाच निघतो! अर्धा तास गेला. काही लोक बसमध्ये जाऊन बसले, तिथून कुरकुर ऐकू येत होती. बाकीचे उभे होते.

आधी हातोडा दिसला, उभी रेघ आणि वर ठोकळा. सहदेवानं ज्यांना चरे समजून सोडून दिलं होतं ते हेच. मग खाली अक्षरं, वाकडीतिकडी, कमी-जास्त उंचीची, एक इकडे झुकलेलं, एक तिकडे. पाथरवटानं घाई केली होती हे दिसत होतं. चऱ्यांमध्ये लाल रंग तसाच राहिला होता, त्यामुळे तर ती लांबूनही वाचता येत होती. अंबादास.

राधाबाईंनी मीराला जवळ ओढलं. तिचं बोट धरलं आणि पहिल्या अक्षरावर ठेवलं. मीरा बी.ए.ला होती, तिला अक्षरं दिसत होती, पण तिनं डोळे मिटून घेतले आणि आजी नेईल तिकडे बोट जाऊ दिलं. शेवटच्या अक्षराशी दोघींचेही हात थांबले. मग म्हातारी रडली, अगदी लहान मुलासारखी, तोंड उघडं टाकून. साठ वर्षांचं रडणं होतं ते, बघवत नव्हतं.

सहदेव शेंदरानं आणि डिझेलनं बरबटलेले हात पुढे धरून तसाच उभा होता. म्हातारी शांत झाल्यावर म्हणाला, “आजी, चुकलो मी. म्हणाल तर दर रविवारी ह्याच्या नावानं गाऱ्हाणं घालीन. नारळ देईन.”

“नको,” राधाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले तेव्हा गालाला शेंदूर लागला. “त्याला परत देव करू नका. माणूस होता तो. पुलावर काम करत होता. नाव घ्या, बस झालं.”

त्या संध्याकाळी जुहूवर बसमधल्या कुणी सहदेवाला भेळ दिली नाही. नेहमी द्यायचे.

घरी त्यानं सगळं सांगितलं. वनमालेनं, त्याच्या बायकोनं, हातातलं लाटणं खाली ठेवलं. “पोरगी दिवसात, आणि ह्या काय करून इलात?” म्हणाली. सुलक्षणा भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं विचारलं, “त्या आजी आठ वर्षांच्या होत्या तेव्हा?” सहदेवानं मान हलवली. सुलक्षणा नुसती पोटावर हात ठेवून बसली. थोड्या वेळानं वनमालेनं पुन्हा लाटणं उचललं आणि पोळी लाटता लाटता विचारलं, “म्हातारी जाताना काय म्हणाली?”

“नाव घ्या म्हणाली.”

“मग घेवा.”

शेठ एवढ्यावर मिटवणारा नव्हता. अनंतरावांनी सोमवारीच शेठच्या दुकानात जाऊन तक्रार केली होती. शेठनं सहदेवाला बोलावलं आणि पंखा बंद करून समोर बसवलं. “घाडी, बळीची गोष्ट हा आपला माल आहे. पब्लिक त्याच्यासाठी येतं. ह्या रविवारी मी स्वतः बसमध्ये असणार. शेंदूर लावायचा, गोष्ट सांगायची. नाही सांगितली तर सोमवारपासून येऊ नको.” सहदेव हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. संप मोडल्यावर गिरणीच्या गेटवर असाच उभा राहिला होता, ते त्याला आठवलं.

रविवारी शेठ पहिल्या सीटवर होता. मांडीवर पुडा होता, त्यात शेंदूर; सहदेव विसरेल म्हणून स्वतः आणलेला. कान्हेरीला सहदेव काय बोलला ते त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. बस पुलाशी थांबली. माणसं उतरली, कठड्याशी गोळा झाली. त्यांतल्या काहींनी गोष्ट ऐकलेली होती, त्यांच्या हातात नारळ होते. शेठनं पुडा पुढे केला.

सहदेवानं तो घेतला आणि कठड्यावर बाजूला ठेवून दिला.

“मंडळी,” तो म्हणाला, आणि आवाज आला. साच्यांवरचा, खणखणीत, पार कोळणींच्या टोपल्यांपर्यंत गेला. “तिकडे पाटी आहे, तिच्यावर साहेबाचं नाव आहे. साहेब कधी इथे येऊन गेला असेल, नसेल. हे नाव बघा. अंबादास. नगरकडचा. दगड चढवत होता, दोर सुटला, पडला. त्याला कोणी बळी दिला नाही. त्याच्या बायकोनं ओवाळलं नाही, ती भाकरी घेऊन आली होती. त्याच्या सोबत्यानं चार दुपारी उपाशी राहून हे कोरलं. ह्याच्यापुढे गोष्ट नाही.”

खाडीत पाणी चढत होतं. कुणी ‘होय म्हाराजा’ म्हटलं नाही, कारण त्यानं गाऱ्हाणं घातलंच नव्हतं. शेठ मान हलवत चहाच्या टपरीकडे वळला. दोघा-तिघांनी नारळ परत पिशवीत टाकले. सहदेवाला वाटलं, झालं, संपलं, उद्यापासून पुन्हा पायरीवर.

गर्दीत एक म्हातारा होता, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला पिशवी. तो पुढे आला. दगडापाशी वाकला, एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, आणि सरळ होत त्यानं विचारलं, “तुमचा कोण लागायचा हा?”

सहदेवानं क्षणभरही विचार केला नाही.

“खात्यातला,” तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं पुढे काही विचारलं नाही. पायांतल्या चपला काढून बाजूला सारल्या, आणि मागच्या माणसांना जवळ येता यावं म्हणून थोडा सरकून जागा करून दिली.